दुर्बीणवाला पोट्टा वापस आला

नागपूरच्या जरीपटक्यात कोणाची खबर कोणापासून लपत नाही. माणूस परदेशी गेला तरी त्याची खबर इथेच राहते. मागच्या लाइनीतला पोट्टा जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी राहून करकोच्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधत होता, तेव्हा तो खोलीचं भाडं किती देतो आणि वरण-भात स्वतः लावतो की नाही, यावर आमच्या गल्लीत सविस्तर चर्चा होऊन गेली होती. आता तो बोजाबिस्तरा घेऊन कायमचा वापस आला. चर्चेला रोजचा ताजा माल मिळाला.

आमच्या आणि शेजारच्या सिंधी भाभींच्या घरांमधली कंपाउंडची भिंत छातीपर्यंतच आहे. बांधताना ठेकेदाराने विटा वाचवल्या होत्या. त्या भिंतीवरून इकडे कोकी येते, तिकडे पुडाची वडी जाते, चेटीचंडला ताहिरी येते आणि संक्रांतीला तीळगूळ जातो. बाकी वर्षभर बातम्या जातात-येतात.

"मॅडम, तुमचा विद्यार्थी माझ्या घरावर नजर ठेवून राहिला," भाभींनी सकाळी सकाळी भिंतीवर कोपर टेकलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे गल्लीतला कोणताही पोट्टा काही भलतंसलतं करताना दिसला की तो 'माझा विद्यार्थी' असतो. "रोज सहा वाजता बिल्डिंगीखाली उभा. सुनेला वाटलं कुरियरवाला पत्ता शोधून राहिला. मी विचारलं, बेटा काय पाहतो? तर म्हणे, आंटी, तुमच्या सज्ज्याखाली पाकोळ्या आहेत."

"मग आहेतच न. ते मातकट घरटे दिसत नाहीत का, पिसं चिकटवलेले?"

"ते? ते तर मी पेंटरला काढायला सांगितले. भाचीचं लग्न आहे, घराला रंग मारायचा आहे. या पोट्ट्याला सांगितलं तर त्याचं तोंडच उतरलं. कोणी मेल्यासारखं."

एवढ्यात त्या पोट्ट्याची आई, म्हणजे आमची वहिनी, सांबाराच्या जुड्या घेऊन निवडायला आलीच. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इडली मनात आणू नये.) मुलाचा विषय चालू आहे हे तिला फाटकापाशीच कळलं असावं.

"काय सांगू ताई," तिने सुरुवात केली, "पोट्टा रस्ता ओलांडताना अजून उलट्या बाजूला पाहते. कामठी रोडवर काल थांबून राहिला, कोणीतरी गाडी थांबवीन म्हणून. इकडे कोण थांबते? दुपारी कुलरसमोरून हालत नाही. पारा 45 ला टेकला की म्हणे आई, माझं डोकं चालत नाही. तिकडे डोकं चालायचं, इकडे कुलर चालते."

"अन् नोकरी?" भाभींनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

"अर्ज केला म्हणते. कोणत्या हापिसात म्हटलं, तर म्हणे हापीस नाही, फेलोशिप. आता पाहुण्यांना काय सांगू? मुलगा फेलो आहे म्हणू?"

म्हटलं, हे जरा समजावून सांगावं. मास्तरीण निवृत्त होते, तिची खोड निवृत्त होत नाही. बाहेर शिकून-काम करून परत येणाऱ्या शास्त्रज्ञाला जागा मिळेपर्यंत हाताशी काही असावं, ही काळजी आपलं सरकार जुन्या काळापासून वाहत आलं आहे. 1958 मध्ये 'सायंटिस्ट्स पूल' नावाची योजना निघाली, सीएसआयआरची. परत आलेल्याला त्यात घ्यायचं, मानधन द्यायचं, कोणत्या तरी संस्थेत बसवायचं आणि तोवर त्याने कायमची जागा शोधायची. आता जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी री-एन्ट्री फेलोशिप आहे, पाच वर्षांची, खास परदेशातून जीवशास्त्रात काम करायला परत येणाऱ्यांसाठी. तेव्हा वहिनीने पाहुण्यांना 'केंद्र सरकारकडे फाइल आहे' एवढं सांगितलं तरी खोटं होत नाही, आणि आपल्याकडे त्याला वजनही येतं.

"पण मॅडम, तिकडे चांगलं चालू होतं न त्याचं? आला काहून?"

याचं उत्तर वहिनीकडे होतं आणि ते थेट अंतराळातून आलं. त्या सरोवराकाठी राडोल्फझेल गाव आहे, तिथे माक्स प्लांक संस्थेचे लोक पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करतात. त्यांचा 'इकारस' नावाचा प्रकल्प. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर, त्याच्या रशियाच्या भागात, मोठी अँटेना लावलेली. काही ग्रॅमची चकती पक्ष्याच्या पाठीवर बांधली की तो कुठे आहे ते वरून कळायचं. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध लागलं, रशियाशी सहकार्य तुटलं आणि वरून येणारी माहिती बंद पडली.

"म्हणजे लढाई त्यांची, अन् मिसकॉल माझ्या पोट्ट्याच्या पक्ष्यांना," वहिनी म्हणाली. "त्याची सगळी गणितं त्या माहितीवर. मग दुसरीकडून जोडत बसला, कसंबसं पुरं केलं. तेव्हाच म्हणाला, आई, आता मला असं काम करायचं आहे की जे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

तो पाहतो आहे, हे खरं. भाभींचा सज्जा पाहतो आहे.

"वहिनी, तुझ्या मुलाच्या आधी एकजण असाच परत आला होता," मी म्हटलं. "सलीम अली."

"तो सिक्सर मारायचा तो?" भाभी.

"तो सलीम दुराणी. हे पक्ष्यांवाले."

"सलीम अलींबद्दल आपल्याला दोनच गोष्टी माहीत असतात. लहानपणी छर्र्याच्या बंदुकीने एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि म्हातारपणी ते फार मोठे झाले. मधली चाळीस-पन्नास वर्षं आपण गाळतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. मुंबईचा, आईबाप लहानपणीच गेलेला पोरगा. 1914 मध्ये ब्रह्मदेशात तवॉयला गेला, भावाच्या वोल्फ्रामच्या खाणीच्या धंद्यात मदत करायला. धंद्यात लक्ष कमी, झाडांवर जास्त. धंदा शेवटी बसला. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्राच्या नोकरीतही घेईनात. मग 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात गाइड-लेक्चररची जागा मिळाली, पगार साडेतीनशे. तिथून अभ्यासाची रजा घेऊन गडी बर्लिनला गेला, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात, एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली. पक्षिशास्त्राला कपाटांतल्या वाळक्या कातड्यांतून बाहेर काढून जिवंत पक्ष्याकडे वळवणाऱ्यांत स्ट्रेसेमानचं नाव फार वरचं. तिथेच एर्न्स्ट मायर भेटला, तो पुढे उत्क्रांतिशास्त्रातला केवढा मोठा माणूस झाला. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायचं कामही पाहिलं. सगळं शिकून 1930 मध्ये माणूस मुंबईला परतला, तर..."

"लग्न झालं होतं?" वहिनीने सांबाराची काडी माझ्याकडे रोखली.

"झालं होतं. 1918 लाच. तहमीना नाव बायकोचं. तर परतला आणि पाहतो, की त्याची जागाच काढून टाकलेली. पैसे नाहीत म्हणून."

वहिनीच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरली ती काय सांगू! दुसऱ्याच्या मुलाचं वाईट झालं म्हणून नव्हे. आपल्या मुलाचं दुःख इतकं जुनं आणि इतक्या मोठ्या घरातलं आहे, हे कळल्याचं समाधान. "म्हणजे तेव्हाही असंच होतं!" ती म्हणाली. "मग काय केलं त्यांनी?"

"मुंबई परवडेना. नवरा-बायको किहीमला जाऊन राहिले. अलिबागजवळ, समुद्राकाठी. त्यांच्या गोतावळ्याचा तिकडे राबता होताच. नोकरी नाही, ओळखीपाळखीचे विचारतात काय करतोस, अन् हा काय करतो? तर घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांकडे टक लावून बसतो. दिवसचे दिवस."

"हेच! अगदी हेच!" वहिनी आणि भाभी एका सुरात.

"अन् काय सापडलं ते तर ऐका. हे भिंतीवरून सांगण्यासारखंच आहे." मी आवाज खाली केला. शेजारच्या बिल्डिंगीतल्या दोन खिडक्या त्याच क्षणी उघडल्या, हा योगायोग समजावा. "सुगरण पक्ष्यांत घरटं नर बांधतो, हे लोकांना दिसत होतं. पण संसार कसा चालतो, ते कोणी नीट पाहिलं नव्हतं. सलीम अलींनी पाहिलं. नर घरटं अर्धं बांधतो. पुरं नाही, अर्धंच. मग मादी येते. आत जाते, ओढून पाहते, लोंबकळून पाहते, बाहेर येते. नाही पटलं तर निघून जाते. पटलं तर ताबा घेते, आणि ताबा घेतल्यावरच नर खालची नळी वगैरे लावून काम पुरं करतो."

"म्हणजे सॅम्पल फ्लॅट," भाभी म्हणाल्या. त्यांचे दीर बांधकामातले आहेत. "बुकिंग झालं की मग प्लास्टर."

"तंतोतंत. अन् पुढचं ऐका. ही आत अंडी उबवायला बसली की हा बाहेर दुसऱ्या घरट्याचा पाया घालतो. दुसरी येते, पाहते, ताबा घेते. मग तिसरं. जितकी बुकिंग तितके संसार."

"वरी साईं!" भाभींनी कानाला हात लावला. "अन् पोरं कोण सांभाळते?"

"मुख्यतः आयाच."

"ते तर मला सांगायची गरजच नव्हती," वहिनी म्हणाली.

1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा लेख आला आणि सुगरणीच्या 'घरगुती संबंधां'चा नवा अर्थ म्हणून जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांनी तो वाचला. मला नेहमी वाटतं, ती साडेतीनशेची नोकरी राहिली असती तर सलीम अलींनी म्युझियमच्या काचेसमोर उभं राहून शाळेच्या पोरांना पेंढा भरलेली सुगरण दाखवली असती, आणि संध्याकाळी घरी गेले असते. पण हे मी वहिनीला असं म्हणाले नाही. बेकारी फार चांगली, हे पोटभर जेवलेल्या माणसाने दुसऱ्याच्या आईला सांगू नये. शिवाय ते अर्धंच खरं आहे. किहीमला दोन वेळची चूल पेटत होती म्हणून ती सुगरण दिसली. त्या चुलीमागे तहमीना होत्या. नवऱ्याला पगार नाही, तो झाडाकडे पाहत बसतो, आणि या बाईने त्याला 'कारकुनी तरी बघा' म्हणून घालवलं नाही. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी करायला निघाले तेव्हा मानधन नाहीच, फक्त मुक्कामाचा खर्च मागितला. तिथल्या तंबूंतही त्या होत्या. सलीम अलींच्या इंग्रजीवर त्यांचा हात फिरलेला असायचा. 1939 मध्ये त्या अचानक गेल्या, एका साध्याशा शस्त्रक्रियेनंतर. त्यानंतर दोनच वर्षांनी 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि घरोघरी पोचलं. परत आलेल्या संशोधकाला पहिली फेलोशिप सरकार देत नाही, घरचे देतात. तिची जाहिरात निघत नाही, इतकंच.

हे मात्र मी मोठ्याने म्हटलं. वहिनी सांबार निवडायची थांबली. "म्हणजे मी काय, रामलिंगस्वामी आहे?" ती म्हणाली.

"सध्या तरी."

भाभी काही वेळ गप्प होत्या, जे क्वचित होतं. मग म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू? आमचे सासरे शिकारपूरचे. फाळणीत निघाले तेव्हा घराला कुलूप लावून चाबी खिशात घातली, महिन्याभरात वापस जायचं म्हणून. इथे आले तेव्हा हे सगळं रान होतं, बराकी होत्या. ती चाबी अजून आमच्या देवघरात आहे. सासरे मरेपर्यंत सिंधूच्या पल्ला मच्छीची गोष्ट सांगायचे. ज्याला वापस यायला मिळालं, त्याच्या आईने तोंड पाडून बसू नये. मी तर पेढे वाटले असते."

वहिनीने मान खाली घातली. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, की पल्ल्याची गोष्ट मी या पोट्ट्याच्या तोंडून परवाच ऐकली. भाभींच्या देवघरातल्या झूलेलालच्या फोटोपुढे उभा राहून तो सुनेला सांगत होता, की झूलेलाल ज्याच्यावर बसले आहेत तो मासा समुद्रातून नदीत उलटा चढतो, अंडी घालायला. पूर्वी फार वरपर्यंत जायचा. 1932 मध्ये सक्करचा बराज झाला, 1955 मध्ये खाली कोट्रीचा, आणि त्याची वाट अडली.

"हो, सांगून राहिला होता," भाभी म्हणाल्या. "सूनबाई म्हणे मम्मी, आपल्या देवाची गाडी अडवली त्यांनी."

मग नेहमीप्रमाणे भाभींनी मूळ शंका काढली. पक्षी आपले, जंगल आपलं, मग त्यांना पाहायला गोऱ्यांच्या देशात कशाला जावं लागते?

शंका बरोबर आहे आणि उत्तर जरा खट्टू करणारं. आपल्या पक्ष्यांचे जुने नमुने, ज्यांच्यावरून त्यांना नावं दिली गेली, त्यांतले पुष्कळ इंग्लंडात ट्रिंगच्या संग्रहालयात ड्रॉवरमध्ये झोपलेले आहेत. जिवंत पक्षी मेळघाटात, कातडं तिकडे. रानपिंगळ्याचंच घ्या. हे छोटं घुबड 1870 च्या दशकात मध्य प्रांतात एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवलं, ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्यांचंच नाव त्याला दिलं. 1884 नंतर कोणाला ते खात्रीने दिसलंच नाही. एक अपवाद होता, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. साहेब म्हणे, मी 1914 मध्ये गुजरातेत मिळवलं. युद्धातला हिरो, हेरगिरीच्या कथा, पक्ष्यांचा प्रचंड संग्रह. शंका कोण घेणार? 1937 मध्ये हाच कर्नल अफगाणिस्तानात सलीम अलींबरोबर पक्षी पाहत हिंडला होता. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी त्याच्या नमुन्यांची चिरफाड केली. कर्नलने संग्रहालयातलीच जुनी कातडी चोरायची, नव्याने टाके घालायचे, खोट्या गावाची चिठ्ठी लावायची आणि स्वतःच्या नावावर दाखवायची, हा धंदा केला होता. रानपिंगळाही तसाच चोरीचा.

"कर्नल, अन् घुबड चोरते?" भाभींना चोरीपेक्षा चोरीचा माल लागला.

म्हणजे तोवर लोक चुकीच्या जागी शोधत होते. खोटी चिठ्ठी बाजूला काढली, खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावांकडे गेले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ रासमुसेनबाई आणि त्यांच्या सोबत्यांना दिवसाढवळ्या झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाटातही सापडला. आपल्या मेळघाटात! कोरकूंना तो नवा नसणार. पण तेव्हा ड्रॉवर उघडणारा आपल्यातला कोणी नव्हता. आता आपली पोरं जाऊन ड्रॉवर उघडतात आणि परत येऊन झाडही पाहतात. दोन्ही लागतं, असं माझं मत आहे. नुसतं 'आमच्या आदिवासींना सगळं ठाऊक होतं' म्हणून छाती फुगवणारे आणि नुसतं 'तिकडे काय लॅब असतात!' म्हणणारे, दोघांचाही मला सारखाच कंटाळा येतो.

"पण ताई, हा तर गणितवाला आहे," वहिनीचा मुद्दा शिल्लक होता. "बीएस्सीला मेरिट. कॉम्प्युटरवर काय काय करायचा. अन् आता वहीत रेघोट्या मारून राहिला, एक पाकोळी आत, एक बाहेर."

मग मला माधव गाडगीळ सांगावे लागले. पश्चिम घाटाच्या अहवालाने गाजले तेच. हे पुण्याचे, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांचे चिरंजीव. शाळकरी वयात त्यांना वेड्या राघूच्या शेपटीतली सुई दिसेना, म्हणून थेट सलीम अलींना पत्र लिहिलं. उत्तर आलं, की त्या दिवसांत पिसं झडतात. पुढे बायको सुलोचनाबाईंसह हार्वर्डला. माधवरावांची 1969 मध्ये पीएचडी, गणिती परिसरशास्त्रात, हार्वर्डमध्ये शिकवलंही. सुलोचनाबाई उपयोजित गणितात. दोघांनाही तिकडे राहता आलं असतं. 1971 मध्ये दोघं पुण्यात परतली. सुलोचनाबाई त्या 'पूल' योजनेत, हवामानाच्या संस्थेत. आणि हार्वर्डचे गणिती माधवराव लॉ कॉलेज रोडवरच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आताच्या आघारकर संस्थेत. ती काढणारे शंकर पुरुषोत्तम आघारकरही परतलेलेच बरं का! मालवणचा माणूस. 1914 मध्ये बर्लिनला वनस्पतिशास्त्र शिकायला गेले, तोच महायुद्ध लागलं आणि इंग्रजांची प्रजा म्हणून तिकडेच अडकून पडले. पीएचडी घेऊन परतले, कलकत्त्यात शिकवलं, आणि निवृत्तीनंतर पुण्यात ही संस्था उभी केली. घरी बसून नातवंडं खेळवायच्या वयात.

"त्यांना सांगा माझ्या मिस्टरांना भेटायला," भाभी म्हणाल्या. त्यांचे मिस्टर निवृत्तीपासून टीव्हीसमोर आहेत.

तर विज्ञानवर्धिनीत गाडगिळांना वा. द. वर्तक भेटले, वनस्पतींचे जाणकार, डोंगर पायाखाली घातलेला माणूस. आणि हार्वर्डचा गणिती देवराया पाहत सह्याद्रीत हिंडू लागला. देवाच्या नावाने राखलेला जंगलाचा तुकडा, पान तोडायचं नाही, हे गावाला माहीत होतं. तो तुकडा केवढा, त्यात काय आहे, आजूबाजूचं उघडं पडल्यावर तिथेच काय काय उरलं आहे, हे मांडून ठेवणं यांनी केलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तोडायची ठरली होती. गावकऱ्यांची हाक यांच्यापर्यंत आली, आणि राई राहिली. 1973 मध्ये नवरा-बायको दोघांनाही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत घेतलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याच माणसाने म्हातारपणी आपल्या गडचिरोलीत लेखा-मेंढ्याच्या लोकांबरोबर मांडी घालून बसून, त्यांच्या जंगलात काय आहे त्याची नोंद कशी ठेवायची ते पाहिलं. गणित कुठे गेलं नाही, वहिनी. बसायची जागा बदलली.

"मग याने कोणतं गाव पाहायचं?"

त्यावर मला एक म्हणायचंच होतं. आपल्या अजबबंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, ई. ए. डी'आब्रू नावाचे क्युरेटर होते. त्यांनी 1935 मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी छापली. नव्वद वर्षांपूर्वी नागपूरच्या आसपास काय दिसत होतं, ते लिहिलेलं आहे. ती घेऊन कोणीतरी पुन्हा तिथेच जायला हवं. या पोट्ट्याला तर फार सोयीचं. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय इथेच, सिव्हिल लाइन्सला. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात अभ्यासाला जायचं तर परवानगी तिथूनच. मुंबई-पुण्याच्या पोरांना त्यासाठी अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते, हा मोपेडवर जाऊन येईल. आणि परवानगी येईपर्यंत भाभींच्या सज्ज्याला परवानगी लागत नाही.

"माझी लागते," भाभी म्हणाल्या.

तेवढ्यात पोट्टा स्वतःच आला. गळ्यात दुर्बीण, मानेवर घामाची धार, डोळे वर. मला "मॅडम, नमस्कार", भाभींना "आंटी, नमस्ते", आईला काही नाही.

"बस. अन् समजावून सांग," भाभींनी फर्मान काढलं. "काय आहे त्या पाकोळ्यांत, की मी माझ्या घराला रंग मारू नये?"

आणि तो बोलायला लागला, कोणत्याही सेमिनारमध्ये बोलला नसेल असा. युरोपातली पाकोळी पिल्लं मोठी झाली की निघते आणि आफ्रिकेत हिवाळा काढून येते; स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या लोकांनी 2016 मध्ये दाखवलं, की त्यातल्या काही दहा महिने खाली टेकतच नाहीत. खाणं हवेत, झोपही हवेत. आपली ही पाकोळी त्यांचीच चुलत बहीण, उडण्यात कमी नाही, पाय तसेच आखूड, फांदीवर बसता येत नाही, भिंतीला नुसतं लटकता येतं. पण ही रोज संध्याकाळी घरट्यात झोपायला येते. अंडी नसली तरी. वर्षभर. त्याला पाहायचं होतं, की 45 अंशांच्या दिवसांत सिमेंटच्या सज्ज्याखाली ती किती वेळ थांबते, कधी निघते, आणि रंग मारलेल्या, काच लावलेल्या नव्या बिल्डिंगी वाढल्या की ती कुठे जाते.

"रोज घरी येते?" वहिनीने एवढंच पकडलं.

"रोज, आई."

"शहाणी आहे."

भाभींचं वेगळं चाललं होतं. "आत्ता आत काय आहे?"

"पिल्लं आहेत, आंटी. आवाज येतो बघा. दुसऱ्या घरट्यात अजून अंडी असावीत, आत-बाहेर फार कमी आहे."

भाभी पायऱ्या उतरून सज्ज्याखाली गेल्या, कान लावला. वर आल्या. मग जे झालं त्याला मी करारच म्हणेन. सकाळी छतावर यायला परवानगी, पण चपला खाली काढून. छतावर पापड वाळत असतात, कोणत्याही पक्ष्यासाठी पापडावर पाय पडलेला चालणार नाही. पापडांची खाट ऊन फिरेल तशी सरकवायची, कबुतरं हाकलायची. संध्याकाळी मोजायला यायचं तर गेट बंद व्हायच्या आत, नाहीतर चाबी मॅडमकडून घ्यायची. सुनेच्या मुलीला दुर्बीण दाखवायची, सुट्या लागल्या आहेत, दिवसभर मोबाइल पाहते. आणि सगळं लिहून झाल्यावर त्यात बिल्डिंगीचं नाव टाकायचं, नीट स्पेलिंगसह.

पोट्ट्याने सगळं वहीत लिहून घेतलं. पापडाची अट दोनदा विचारली.

"अन् पिल्लं कधी उडतील?"

"ही महिन्याभरात. पण आंटी, पावसाळ्यात पुन्हा अंडी घालू शकतात."

भाभींनी डोळे मिटून भाचीच्या लग्नाची तारीख आठवली, मग फोन काढून पेंटरला लावला. "भैया, सज्ज्याचा रंग आता नाही, सप्टेंबरमध्ये. बाकी सगळं मार, पूर्व बाजू सोड... नाही नाही, पैशाचं काही नाही... अरे खाली भाडेकरू आहेत, बाळंतीण आहेत."